आईचा नमुना

वंदनाच्या कोपराच्या खळगीत सुईचे दोन ठिपके होते. सोमवारचा ठिपका कडेनं पिवळा पडत चालला होता. आज सकाळचा अजून लाल होता. दोन्ही एकाच शिरेवर होते.

“दुसऱ्यांदाही तेच आलं,” डॉ. मंजुश्री म्हणाल्या. मलकापूरची ही लॅब त्यांचीच. “टॉक्सोची खूण बाळाच्या रक्तात आहे. तुमच्या रक्तात नाही.”

“म्हणजे सून निरोगी हाय ना,” सासू विमलबाई पटकन म्हणाल्या. “मंग झालं.”

“आजी, इथे आईला नसणं ही चांगली बातमी नाही.”

बाळ वंदनाच्या मांडीवर होतं. दोन महिन्यांची पोरगी. जन्मानंतरची कावीळ उतरायला फार वेळ लागला, म्हणून बालरोगतज्ज्ञांनी तपासण्या लिहून दिल्या होत्या. टॉक्सो हा मांजरीच्या विष्ठेतून किंवा कच्च्या मांसातून येणारा जंतू. मोठ्या माणसाला तो येऊन गेल्याचं कळतही नाही, फक्त रक्तात त्याच्याशी लढल्याची खूण उरते. पोटातल्या बाळाचे मात्र डोळे जाऊ शकतात.

“आमच्या घरी मांजर नाही,” विमलबाई म्हणाल्या. “एक बोका येते, थो बी शेजारच्याचा.”

मंजुश्री हसल्या नाहीत. सोपं करून सांगू लागल्या. बाळाच्या रक्तातली खूण दोन वाटांनी येते. आईला हा आजार पूर्वी कधी होऊन गेला असेल, तर तिची खूण पोटातच बाळाला मिळते. ती उसनी असते, महिन्यागणिक उतरत जाते, काही करावं लागत नाही. दुसरी वाट म्हणजे बाळालाच लागण झालेली, पोटात किंवा जन्मानंतर. ते ओळखायची जी वेगळी तपासणी असते, तिचा निकाल नेमका काठावर आला होता. हो म्हणता येईना, नाही म्हणता येईना.

“म्हणून सगळं आईच्या रक्तावर आहे. तिथे खूण नाही, म्हणजे बाळाची खूण उसनी नाही. बाळाला रक्त चढवलं होतं का कधी?”

“नाही,” विमलबाई म्हणाल्या.

“अंगावर पाजता?”

“दूधच नाही आलं तिले.” हेही उत्तर विमलबाईंचंच.

बाळ रडू लागलं. वंदनानं बाटली तोंडाशी नेली. बाळानं मान दाराकडं फिरवली. दाराजवळच्या बाकावर धाकटी जाऊ पुष्पांजली बसली होती. मे महिन्याच्या उकाड्यातही तिनं छातीवर पदर दुहेरी घेतला होता. रडणं ऐकून ती अर्धी उठली.

“तू काऊन उठली वं?” विमलबाई कडाडल्या. “जाय, बाहेर बस. गर्दी करू नोको.”

पुष्पांजली गेली. दार तिच्यामागं हळूच मिटलं.

“मशीन म्हातारं झालं असन, मॅडम,” विमलबाई म्हणाल्या. “मी म्हणतो, आणखी एक डाव पाहा.”

“मशीनचं चुकलं असेल असं मलाही वाटलं. म्हणून तर परत रक्त घेतलं.” मंजुश्रींनी चष्मा काढला. “या निकालावर बालरोगतज्ज्ञ थांबणार नाहीत. उद्यापासून औषध सुरू करतील, वर्षभर. त्या औषधानं रक्त तयार होणं मंदावतं. सारखी टाचेला सुई टोचून रक्त मोजावं लागेल.”

“आन् नाही देलं तं?” वंदनानं विचारलं. सकाळपासून ती पहिल्यांदाच बोलत होती.

“लागण खरी असली, तर डोळ्यांशी खेळ होईल. आईच्या रक्तात खूण सापडली असती, तर मी बालरोगतज्ज्ञांना फोन करून म्हटलं असतं, थोडं थांबू, दर महिन्याला बघू.”

वंदनानं बाळाकडं पाहिलं. पोरीची टाच सुपारीएवढी होती. त्यावर चिकटपट्टी होती.

वंदनाच्या शिरा कितीही टोचल्या तरी ती खूण सापडणार नव्हती. सोमवारी पहिला निकाल ऐकला तेव्हाच तिला ते कळलं होतं. वडनेरहून येताना ऑटोत विमलबाई तिच्या कानाशी लागल्या होत्या, “घरातली गोष्ट घरात. एक शब्द निघाला तं पोरगी हातची गेली समज.” लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर तिला कुणी आई म्हणणार होतं. गावानं ओटी भरली होती. बारशाला पाळण्याची दोरी तिच्याच हातात होती. बोलली नाही तर पोर तिच्याजवळ राहणार होती, औषधासकट. बोलली तर औषध टळेल कदाचित, पण मांडी रिकामी होईल.

“द्या मंग औषध,” विमलबाई उठल्या. “वर्ष काय, असं निघून जाईन. चाल वंदना.”

वंदना उठली नाही.

“वंदना!”

बाळ रडून रडून लाल झालं होतं. मान अजून दाराकडंच होती.

“आत्याबाई, बसा तुम्ही,” वंदना सासूला म्हणाली. मग मंजुश्रींकडं वळली.

“मॅडम, बाहेर बसली हाय ना, थे मायी जाऊ. तिले आत बलवा अन् तिचं रक्त घ्या. पोरगी तिच्या पोटची हाय.”