पलीकडचं घड्याळ

मार्नीचं एक वागणं वेल्डाला मुळीच खपायचं नाही. ही सून कुणाला नाही म्हणायची नाही, आणि वर दिवसातून वीसदा माफी मागायची. खुर्ची सरकवली तरी माफी, शिंकली तरी माफी. परवा मुक्कामाच्या कॅम्पातल्या शेजाऱ्याचं कुत्रं हिच्या बुटावर मुतलं, तर मालकाची माफी हिनंच मागितली.

आणि आजही नवऱ्याला, ट्रेंटला, नाही म्हणाली नव्हती. नऊ वाजता तिच्या फिनिक्सच्या ऑफिसातल्या वरच्या बाई तिच्यासकट चौघींना पडद्यावर बोलावणार होत्या. चौघींतल्या तिघीच नोकरीत राहणार होत्या. ट्रेंटच्या इन्सुलिनचा खर्च भागवणारा विमा मार्नीच्या नोकरीवर होता, हे ट्रेंटला कुणी सांगायची गरज नव्हती. तरी सकाळी तो म्हणाला, कोवळ्या उन्हात दरी बघून येऊ, आठच्या आत परत. मार्नी म्हणाली, चालेल.

मोटरहोम, म्हणजे राहायची गाडी, कड्याजवळ उभी करून दोघं चालत गेली. वेल्डा गाडीतच बेकन परतत राहिली. गाडी तिच्या नवऱ्याची, म्हणजे आता तिची. गाडी नेणार असाल तर मीही येणार, असं तिनं मुलाला आधीच बजावलं होतं. दरी तिनं पन्नास वेळा बघितली होती.

दोघं पळत आली तेव्हा मार्नीचं तोंड पांढरंफटक पडलं होतं. फोनवर नऊ वाजून आठ मिनिटं झाली होती. रेंजची एखादी काडी मधूनच यायची, लगेच जायची. कॅम्पातलं वाय-फाय वीस मिनिटांवर. ट्रेंटनं गाडी अशी काही काढली की कॉफीचं भांडं ओट्यावरून खाली आलं. तवा वेल्डानं वरच्या वर धरला.

मार्नी खाली फरशीवरच बसली आणि पुटपुटायला लागली. काय बोलायचं त्याची तयारी चालली होती. माझीच चूक, मीच वेळ बघितली नाही, दुसऱ्या कुणाचा दोष नाही. दुसऱ्या कुणाचा दोष नाही, हे तिनं तीनदा घोकलं. तिसऱ्यांदा वेल्डाला राहवलं नाही. झालंय तरी काय, तिनं विचारलं.

नऊ वाजून गेले, ट्रेंट पुढून म्हणाला. फोटोंच्या नादात कळलंच नाही.

वेल्डानं मनगट वळवून बघितलं. "आठ वाजून दहा झालेत."

"आई, फोनला वेळ आकाशातून येते. तुझं घड्याळ बाबांच्या काळातलं."

"आकाशातून नाही येत, त्या समोरच्या टेकडीवरच्या टॉवरवरून येते. टेकडी शेजारच्या युटा राज्यातली. त्यांची घड्याळं उन्हाळ्यात तासभर पुढं असतात. आपल्या अ‍ॅरिझोनात अगदी फिनिक्सलाही घड्याळाला कुणी हात लावत नाही. जन्म इथं गेला तुझा, आणि हे मी सांगायचं?"

 ट्रेंटनं गाडीचा वेग मात्र काही कमी केला नाही.

मार्नीनं फोनकडं बघितलं, मग सासूच्या मनगटाकडं. "आई, नक्की ना?"

 वेल्डानं घड्याळ सोडलं आणि सुनेच्या हातात बांधलं. मग खिडकीकडं तोंड करून बसली. मागच्या थंडीत हे घड्याळ एकदा बंद पडलं होतं. कधी पडलं, किती वेळ पडलं, तिलाही कळलं नव्हतं, आणि तिनं ते कुणाला सांगितलंही नव्हतं. खडी वाजत होती. ती डोळ्याच्या कोपऱ्यातून सुनेच्या मनगटावरचा काटा बघत राहिली. काटा फिरत होता. पण फिरायचं काय, चुकीच्या वेळेवरही फिरतो.

कॅम्पात पोचल्यावर मार्नीनं लॅपटॉप उघडला. पासवर्ड दोनदा चुकला. मग पडदा उजळला. अजून कुणी आलेलं नव्हतं. खाली लिहिलं होतं, सुरू व्हायला एकोणतीस मिनिटं.

तिनं ते मोठ्यानं वाचलं. परत एकदा वाचलं. मग हसायलाच लागली, हसता हसता रडली, आणि पाठीमागं घरासारखं दिसावं म्हणून लावायची पांढरी चादर घेऊन तिलाच नाक पुसलं.

वेल्डा बाकावर टेकली. तवा परत हातात घेतला. चरबी थिजून पांढरी झाली होती. तिनं बेकनचा एक गार तुकडा उचलला आणि चवीनं खाल्ला.

ट्रेंटही हसला. म्हणाला, मग उगाच धावलो की आपण. अजून अर्धा तास आहे. दरीचं खालचं वळण इथून पाच मिनिटांवर, पटकन एक चक्कर मारून—

"चावी दे," मार्नी म्हणाली.

त्याला वाटलं, ही चेष्टा करतेय. तिनं हात पुढं केला, तो मागं घेतला नाही.

"चावी दे, ट्रेंट. आणि बाहेर जाऊन बस. मी दार उघडेपर्यंत आत यायचं नाही. भूक लागली तर आई खिडकीतून देतील."

ट्रेंटनं आईकडं बघितलं. आई दुसरा तुकडा निवडत होती. त्यानं चावी दिली आणि उन्हात लाकडी टेबलापाशी जाऊन उभा राहिला.

दार लागलं. मार्नी सासूकडं वळली. तोंड उघडलं, ते सवयीनं.

"माफी मागितलीस तर बघ," वेल्डा म्हणाली. "नऊ वर्षं झाली तुला घरात येऊन. आज आवडलीस मला. जा, तोंड धू."