पांढरा सरदार

बायनाबाईचा गोऱ्हा प्रदर्शनाच्या मंडपात शिरला तेव्हा सोमाजीनं आधी त्याचे पाय पाहिले. पायात खोट निघाली असती तर पुढचं सगळं सोपं झालं असतं. पाय सरळ होते. मग त्यानं शिंगं पाहिली, वशिंड पाहिलं, चाल पाहिली. ब्रह्मपुरीच्या बाजारातल्या त्या जागेचा सातबारा आपल्याच नावावर आहे, अशा ऐटीत गोऱ्हा चालत होता. सोमाजीच्या पोटात सकाळची पेज आंबली.

पशुप्रदर्शनात ‘शुद्ध गौळाऊ वळू’ या गटाचा पहिला नंबर तीन वर्षं सोमाजीच्या सरदारनं सोडला नव्हता. नंबराची पितळी घंटा मिळे. घंटेमागोमाग गावोगावचे लोक आपल्या गाई घेऊन दाराशी येत, आणि ज्याला जन्मभर ‘सोम्या’ म्हटलं त्याला ‘सोमाजीभाऊ’ म्हणत. घंटा गेली की तो ‘भाऊ’ही जाणार, याबद्दल सोमाजीला शंका नव्हती.

त्यातून हा गोऱ्हा सरदारचाच. बायनाबाई स्वतः गाय घेऊन त्याच्या दाराशी आली होती. “राजाचा वंश घेऊन चालल्या बाई,” असं त्या दिवशी सोमाजीच तिला म्हणाला होता. वंश आता घंटा मागायला आला होता.

एकच समाधान होतं. गोऱ्ह्याच्या डाव्या खांद्यावर पळसाच्या पानाएवढा तांबडा डाग होता. बायनाबाईनं तो लपवला नव्हता. उलट गोऱ्ह्याला नदीवर घासूनपुसून आणल्यामुळे तो जास्तच उठून दिसत होता. हा प्रामाणिकपणा सोमाजीला फार आगाऊ वाटला.

डाग सरदारलाही होता. त्याच खांद्यावर, तेवढाच. पण तो घरातला मामला. प्रदर्शनाच्या सकाळी उरलेल्या पेजेत पांढरी माती कालवायची, डागावर लेप द्यायचा, उन्हात वाळवायचा. यात फसवणूक आहे असं सोमाजीला कधी वाटलं नाही. सणाला माणूस भिंत सारवतो, तसंच हे.

वर्षभर गावोगाव गाईंना जर्सी वळूच्या बीजाची सुई टोचत फिरणारे ढोरांचे डॉक्टर आज एक दिवस शुद्धता तपासत होते. त्यांनी गोऱ्ह्याभोवती एक फेरी मारली, दुसरी मारली. तिसऱ्या फेरीत ते खुशीत हसायला लागले. हे हसू सोमाजीला सोसवलं नाही.

“साहेब, थो डाग पाह्यला काय?”

“पाहिला.”

“शुद्ध गौळाऊले असा डाग नसते जी. तुमचाच नियम हाये.”

डॉक्टरांचं हसू मावळलं. नियम होता खरा.

“बापाकडून आला असंल, साहेब,” बायनाबाई म्हणाली. “माही गाय तं बगळ्यासारखी पांढरी. सोमाजीभाऊनं पाह्यली हाये.”

“माह्या सरदारकडून?” सोमाजीचा आवाज मंडपाच्या कापडाला जाऊन लागला. “सरदारच्या सात पिढ्या धुऊन काढा बाई, डाग नाई दिसणार! साहेब, दोघाले शेजारी उभे करा. होऊन जाऊ द्या आज!”

माणसं गोळा झाली. आजवर सरदार नेहमी वेगळ्या खुंट्याला, मानानं एकटा उभा राहायचा. आज प्रथमच दुसरं जनावर त्याच्या खांद्याला खांदा लावून उभं राहिलं. एक पांढराशुभ्र, एक डागी. डॉक्टरांनी दोघांकडे पाहिलं आणि नाइलाजानं मान हलवली.

“बाई, जनावर देखणं आहे. पण नियमानं बाद धरावं लागतं.”

सोमाजीनं मान खाली घातली. चेहऱ्यावरचा आनंद चार लोकांत बरा दिसला नसता.

बायनाबाईनं दावं हाताला गुंडाळलं आणि ओढलं. गोऱ्हा हलेना. त्यानं मान वळवली होती आणि सरदारचा खांदा चाटणं चालवलं होतं. खरबरीत जीभ एका लयीत वरखाली फिरत होती.

पेजेत मीठ होतं. सोमाजीच्या बायकोच्या हातची पेज कधीच अळणी नसे.

“हाकला त्याले! हाकला ना!” सोमाजी धावला. त्यानं गोऱ्ह्याच्या तोंडावर हात मारला. गोऱ्ह्यानं तो हातही चाटला आणि पुन्हा खांद्याकडे वळला. सरदारनं डोळे मिटले होते. जनावराला इतकं सुख क्वचितच मिळतं.

आधी एक तांबडी कड दिसली. मग देठाकडचा भाग. मग अख्खं पान.

“काऊन रे सोम्या?” गर्दीतून कोणीतरी विचारलं.

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. तो स्वच्छच होता. “मग दोन्ही बाद,” ते म्हणाले आणि पुढच्या खुंट्याकडे गेले. तिथं शेजारगावच्या इसरूचा वळू रवंथ करत उभा होता. त्याच्या अंगावर नाव घेण्यासारखं काहीच नव्हतं, डागही नव्हता. घंटा त्याच्या गळ्यात पडली.

सोमाजी अजून गोऱ्ह्याला ढकलत होता.

“चाटू द्या, भाऊ,” बायनाबाई म्हणाली. “बापाले वळखून राह्यला थो.”

सोमाजीचा हात थांबला. दोन खांदे शेजारी होते, दोन पानं शेजारी होती. तो एका डागाकडून दुसऱ्याकडे पाहत राहिला. पोराच्या डागाची कड जास्त रेखीव होती.

सोमाजीच्या पोटात पेज पुन्हा आंबली.