कपडे वाळत घालायची तार

"विजयश्री, दिवेलागणीला या तारेवर ओलं काही ठेवू नकोस हं. माझा आवाज बुडतो."

हे विमानांना अँटेना बसवायचे आणि चाचणीच्या उड्डाणातून घरच्या रेडिओवर माझ्याशी बोलायचे. निगडीच्या आमच्या सोसायटीत अँटेनाला मनाई, म्हणून कपडे वाळत घालायची तारच त्यांनी गुपचूप अँटेना केली. मी शब्द दिला होता.

श्रावणात त्यांचं विमान परतलं नाही. तरी सांजवात लावली की मी रेडिओ लावते.

काल माळ जपताना आवाज आला, पाण्याखालून आल्यासारखा. "विजयश्री... ऐकू येतंय का?"

मी सुनेला हाक मारली. "दिव्या, तारेवर काय घातलंस?"

"ओल्या चादरी. पण आई, ती तार मी केव्हाच काढली. आता नायलॉनची दोरी आहे ना!"

आवाज बुडत चालला होता. आजवर कधी अर्धी न सोडलेली माळ खाली ठेवून मी चादरी काढायला उठले.