बिननावाची मेल

सहलीच्या बसचे ब्रेक लागत नाहीत, अशी मेल निगडेबाईंनी नाव न देता शाळेला पाठवून चार दिवस झाले. बस मुख्याध्यापकांच्या मेहुण्याची आणि बाईंची नोकरी अजून कायम व्हायची. उत्तर येईना, तेव्हा सरांनीच मेल दाबली, अशी बाईंची खात्री झाली.

"उद्या सहाला बस निघेल," सर मीटिंगमध्ये म्हणाले. "कुणाची काही तक्रार? मेलवर तर एकही नाही."

खोटं बोलताना सरांना हमखास खोकला येई. आज आला नाही. अनोळखी पत्ता बघून मेलबॉक्सनेच तर ती बाजूला टाकली नसेल?

"सर, एकदा स्पॅममध्ये बघा ना."

सरांनी मोबाईल उघडला, वाचलं आणि चष्म्यावरून बघत विचारलं, "बाई, तिथे काही असेल हे तुम्हाला कसं कळलं?"

"आधी बस बदला," बाई म्हणाल्या, "मग सांगते."