दहा मिनिटांच्या वर

पडद्यावर दूरच्या संगणकांशी जोडलेली अकरा कनेक्शनं हिरवी होती, एक लाल. लाल म्हणजे दहा मिनिटांच्या वर.

"हे कोण महाशय?" साहेब तिच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. "रोज चाळीस-चाळीस मिनिटं! आपण मदत कक्ष चालवतोय की पाळणाघर?"

तिला नाव वाचायची गरज नव्हती. जलशुद्धीकरण केंद्र, सकाळची पाळी. बाबांचं टेबल.

तिने नोंदी उघडल्या. बाबांच्या कीबोर्डवरून सकाळपासून एकही आकडा आलेला नव्हता. दर तासाची क्लोरीनची मात्रा इथून भरली जात होती. दोन टेबलं सोडून बसलेला तंत्रज्ञ फोनवर म्हणत होता, "हं काका, एक पॉइंट आठ. भरलं बघा."

हल्ली घरी बाबा चहा हातात घेत नाहीत. टेबलावर ठेव, म्हणतात.

"तोडा," साहेब म्हणाले. "एकाला सवलत दिली की सगळे डोक्यावर बसतात."

तिने तोडलं. लाल ओळ गेली.

"काका, लाइन गेली इथून. आता तुमचं तुम्हीच भरा," असं म्हणून तंत्रज्ञाने दुसरा फोन घेतला.

बाराच्या नोंदीला सहा मिनिटं होती. बोट थरथरलं, मधलं टिंब निसटलं, तर अठरा. अख्ख्या गावाच्या नळांना.

ती उठली. पाण्याची बाटली उघडली, न पिताच बंद केली, परत बसली. मग तिने स्वतःच्या नावाने जोडणीची विनंती पाठवली. बाबांच्या पडद्यावर आता तिचं नाव आलं असेल आणि खाली दोन बटणं. हो. नाही.

"आत्ताच तोडलंत ना? मग हे काय?"

"माझे वडील आहेत, साहेब. त्यांचा हात कापतो." तिने मागे वळून पाहिलं नाही. "बारा वाजता मात्रा भरायची आहे."

साहेब तिथेच उभे राहिले.

'उत्तराची प्रतीक्षा' ही अक्षरं लुकलुकत राहिली. एक मिनिट. दीड.

मग पडद्यावर आलं: 'विनंती नाकारली.'

तिचा फोन वाजला. बाबा.

"मी बाण 'हो'वरच नेत होतो गं," ते म्हणाले. "परत पाठव."