मोठा ग्लास कॉफी मिल्कशेक

"आणखी उतरलीस," काट्यावर वाकून बघत मयुरेश म्हणाला. "शाब्बास."

कश्मिरा काट्यावरून उतरली. वजन उतरलं कसं?

मोठे दीर सदानंददादा इथेच आखातात, यांच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर अंथरुणाला खिळले होते. यकृत पार निकामी. मयुरेशचा रक्तगट जुळेना, कश्मिराचा जुळला. पण तिच्या यकृतावर चरबी होती. ती उतरली की मुंबईला ऑपरेशन, हिच्या यकृताचा तुकडा दादांना. मयुरेशची नोकरी दादांच्या कंपनीत, घरच्या सगळ्यांचा व्हिसा त्यांच्याच जिवावर. नाही म्हणायचं तरी कोणत्या तोंडाने? आणि भूल दिल्यावर आपण जागेच झालो नाही तर? पदरात चार वर्षांची तान्या. कश्मिरा भीतीने अर्धी झाली होती.

मग तिने आपली वाट शोधली. घरी उकडलेला दुधी मुकाट गिळायचा आणि संध्याकाळी पाय मोकळे करायच्या निमित्ताने शेजारच्या हूरा भागातलं जमालुद्दीनचं ज्यूसचं दुकान गाठायचं. मोठा ग्लास कॉफी मिल्कशेक. साईसकट दूध, साखर, वर आइस्क्रीमचे दोन गोळे. ग्लासाला आठशे कॅलरी, फळ्यावर लिहिलंच होतं. चरबी राहिली की सुटले, एवढाच तिचा हिशोब.

मयुरेशही कधी अडवायचा नाही. "जा गं, फिरून ये. तान्याला मी बघतो." उशीर का झाला, हेसुद्धा विचारायचा नाही.

शेक हल्ली जरा पातळ लागायचा. गिळल्यावर जिभेवर कडसर चव रेंगाळायची. कॉफी म्हटली की एवढं चालायचंच, असं म्हणून ती दुसरा ग्लास मागवायची.

गुरुवारी डॉक्टरांनी हसतच सांगितलं, "लिव्हर एकदम क्लीन. पुढच्या आठवड्यात निघा."

मयुरेशने तिचा हात घट्ट धरला. घरी आल्यावर ती चपला चढवायला लागली, तसा तो म्हणाला, "आता कशाला फिरतेस? आराम कर."

तरी ती निघालीच. वाटभर डोळे पुसत दुकानात येऊन बसली.

"जमालुद्दीनभाई, एक बडा."

जमालुद्दीनने फ्रिज उघडला, आत बराच वेळ शोधलं, आणि ओशाळून तिच्याकडे बघितलं.

"भाभी, आपका बिना मलाईवाला दूध, बिना शक्करवाला आइस्क्रीम, सब खलास. मयुरेशभाई हर हफ्ते रखके जाते हैं, आज आए नहीं. दुकानवाला चलेगा?"