वाटणीबाहेरची जमीन

"ते पत्र इकडे आण," मिस हॅसेल मेजामागून म्हणाली.

एब्रामने नोंदवहीवरचे बोट उचलले. खिशातले पत्र काढून तिच्यासमोर ठेवले. आपल्या सासरच्या फेरांड घराण्याची वंशावळ जुळवायची आहे, त्यासाठी आपला स्वयंपाकी एब्राम कचेरीतली जुनी मृत्युपत्रे चाळील, असा त्यात मजकूर होता. खाली फेरांडबाईंची सही होती. मजकूर एब्रामने लिहिला होता. सहीही त्यानेच केली होती.

साउथ कॅरोलायनातल्या त्या गावात, एकोणीसशे अडतीस साली, काळ्या माणसाला कचेरीचे दार उघडे होते ते गोऱ्यांचा निरोप्या म्हणून. स्वतःच्या पूर्वजांसाठी आलो, असे म्हणण्याची सोय नव्हती. दोन वर्षांपूर्वी त्याचा भाचा मतदारयादीत नाव घालायला याच पायऱ्या चढला होता. चौथ्या दिवशी तो दलदलीत सापडला.

तरीही एब्राम आला होता. खाडीपलीकडे आठ एकर जमीन होती. तिच्यावर पंचवीस घरे होती, एक प्रार्थनाघर होते, आणि ओकच्या सावलीत सात पिढ्यांच्या कबरी होत्या. फेरांडांनी ती आपली म्हणून शिकारी मंडळाला विकायला काढली होती. सोमवारी न्यायाधीशांपुढे सुनावणी होती. एब्रामची आजी सांगे, ही भूमी तिच्या पणजीची, सॅब्राची. थोरल्या फेरांडने तिला दास्यातून सोडले आणि ही जागा दिली. पण आजीच्या सांगण्याला न्यायालयात आसन नसते. तिथे कागद लागतो. तो कागद एब्राम तीन दिवस शोधत होता, उभ्यानेच, कारण त्याच्यासाठी तिथे खुर्ची नव्हती. सतराशे एकाहत्तरच्या मृत्युपत्रात थोरल्या फेरांडला मुले आठवली होती, जावई आठवले होते, लाडका घोडासुद्धा आठवला होता. सॅब्रा आठवली नव्हती.

मिस हॅसेलने पत्र दोनदा वाचले. या गोऱ्या कारकूनबाईला वकीलमंडळीही वचकून असत. हे तीन दिवस ती मान वर करून सारखी एब्रामकडे पाहत होती, हे त्याला ठाऊक होते.

"जित्या सासऱ्याशी बोलायला फेरांडबाईला कधी सवड झाली नाही," ती म्हणाली. "आता मेलेल्यांची बरी चौकशी करतेय. थांब, तिलाच विचारते."

ती आतल्या खोलीत दूरध्वनीकडे गेली. दार अर्धे लोटलेले राहिले.

एब्रामच्या तळव्यांना घाम सुटला. पानाला डाग लागू नये म्हणून त्याने हात मागे घेतले. बाहेरचे दार दहा पावलांवर होते. परंतु त्या रस्त्यावर पळणाऱ्या काळ्या माणसाला दुसरा अपराध करावा लागत नसे. तो तिथेच उभा राहिला. आतून तिचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. त्याला भाच्याचे बूट आठवले. दलदलीने एकच परत दिला होता.

मिस हॅसेल बाहेर आली. कचेरीतले बाकीचे जेवायला गेले होते. तिने आधी बाहेरच्या दाराला कडी घातली.

"बाई म्हणाली, तिनं कुणालाच पाठवलेलं नाही."

एब्रामने मेजाची कड धरली.

"मी म्हटलं, मग माझ्याच समजण्यात घोळ झाला." तिने आवाज खाली आणला. "आता खरं सांग. दुसऱ्या कुणी पाठवलंय का तुला?"

"कुणी नाही, बाईसाहेब. आपला आपण आलो. सॅब्रासाठी."

तिने कडी घातलेल्या दाराकडे एकदा पाहिले. मग तिने आपली खुर्ची ओढून त्याच्यापुढे ठेवली आणि फळीवरून दुसरीच नोंदवही उतरवली. ती हलक्या आवाजात सांगू लागली. मृत्युपत्रात माणूस आपल्या माणसांची नावे घेतो. सॅब्रासारखी माणसे तिथे शोधून सापडत नाहीत. धनी वारल्यावर पंच येऊन मालमत्तेची जी यादी करतात, तिच्यात पाहावे. सूची न पाहता तिने पान उघडले.

गाई. चांदीचे चमचे. भाताची कोठारे. मग आडनावांवाचूनची एकतीस नावे. आणि तळाशी पंचांची नोंद: 'खाडीपलीकडील आठ एकर मुक्त स्त्री सॅब्रा हिची, व तिच्यामागे तिच्या मुली जूनो व फीबी यांची. वाटणीत धरू नये.'

एब्रामने ती ओळ तीनदा वाचली. जूनो ही त्याच्या आजीची आजी.

मिस हॅसेल सरकारी कागदावर नक्कल लिहू लागली. फीबीच्या नावाशी शाई सांडली. तिने तो कागद फाडून दुसरा घेतला. एब्रामची भीती ओसरू लागली होती, म्हणूनच त्याला आता तिचा हात दिसला. तो कापत होता. फेरांडांविरुद्धचा कागद काळ्या माणसाच्या हाती देणे म्हणजे नोकरीवर पाणी सोडणे, हे तो जाणून होता. त्याला तिची कणव आली.

"बाईसाहेब, ते दुसरं नाव गाळलंत तरी चालेल," तो म्हणाला. "फीबीला लहानपणीच शहरात नेलं. आजी म्हणायची, तिचा वंश बुडाला. जूनोवर माझं भागेल."

तिने फीबीचे नाव पूर्ण लिहिले. सही केली, शिक्का उमटवला, आणि तो कागद दोन्ही हातांनी त्याच्यापुढे धरला.

"फीबीचा वंश बुडाला नाही, दादा," ती म्हणाली. "तीन दिवस तो ह्या मेजामागं गोरा म्हणवून बसलाय, आणि तुमच्या भीतीनं थरथरतोय."